कंपनी म्हणाली, मी विकला गेलो

मित्रांनो, मला जुना म्हणावं तर परवापरवापर्यंत माझ्यावर एक ओरखडा नव्हता, आणि नवा म्हणावं तर मला बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. मी एक व्हिडिओ गेम आहे. टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट खोचायची आणि जॉयस्टिक हातात घेऊन घरच्यांच्या हाका ऐकूच येत नाहीत असं दाखवायचं, त्यातला. माझा रंग काळा. ही गोष्ट माझी आहे, पण खरं सांगायचं तर दोन सख्ख्या भावांची जास्त आहे. माझ्यामुळे त्यांच्यात अबोला पडला आणि तो इतका लांबला की दोघांचे केस पिकले. हे दोघे न बोलताच म्हातारे होऊन गेले तर माझ्या जन्माला येण्याला काय अर्थ, असं मला सारखं वाटायचं. तेव्हा नीट ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे जात होतो आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका माझ्यात एकेक भाग बसवत होत्या. त्यांचे हात चालू आणि तोंडंही चालू. कुणाच्या मुलाचा दात पडला, कुणाच्या सासूने काय टोमणा मारला, हे सगळं ऐकत ऐकत माझे स्क्रू पिळले गेले. शेवटी मला एका खोक्यात घातलं. खोक्याला पुढून पारदर्शक खिडकी होती, म्हणून मला बाहेरचं दिसायचं. वरून सगळ्यावर घट्ट प्लास्टिक चढवलं. मी तर हरखून गेलो होतो. आता कुणाच्या तरी घरी जायचं, कुणीतरी हे प्लास्टिक टराटरा फाडायचं, आणि मग खेळच खेळ.

पण त्या काळात आमच्या धंद्यात जी चढाओढ होती ना, ती तुम्हाला सांगूनही खरी वाटायची नाही. आमची कंपनी काळा गेम बनवायची आणि दुसरी एक कंपनी पांढरा. एका घरात दोन तोऱ्याच्या जावा असाव्यात, तसं दोघींचं चाललेलं. आम्ही किंमत उतरवली की आठवडा उलटायच्या आत पांढऱ्याची उतरलीच. त्यांनी एक कॅसेट फुकट दिली की आमच्याकडे साहेबांची झोप उडायची. पोरांमध्येसुद्धा दोन तट पडले होते. काळ्यावाले पांढऱ्यावाल्यांशी डबा वाटून खायचे नाहीत. त्या पांढऱ्याचं नाव काढलं की अजूनही माझ्या कपाळाला आठी पडते, कपाळ नसलं तरी.

आणि दर वर्षाच्या शेवटी दोन्ही कंपन्या छाती पुढे काढून सांगायच्या की यंदा आमचे एवढे विकले गेले. ज्याचा आकडा मोठा, तो जिंकला. आता यातली गंमत ऐका. कंपनीच्या लेखी गेम विकला कधी जायचा? तुमच्या घरी आल्यावर? छे. दुकानदाराने आमच्या गाडीतून माल उतरवून घेतला, की झालं. विकला गेला. पुढे तो कुणी नेला, की दुकानात धूळ खात पडला, याच्याशी कंपनीला काही देणंघेणं नव्हतं. आणि एकदा उतरवलेला माल ती परतही घ्यायची नाही.

आता ते दोन भाऊ. थोरला दुकानदार होता. खाली दुकान, वर घर. इस्त्र्या, पंखे, रेडिओ, बल्ब, असं सगळं तो विकायचा आणि बिघडलं तर दुरुस्तही करायचा. बोलायला फटकळ, पण मनात काही नाही. धाकटा आमच्या कंपनीत होता. दुकानादुकानांत फिरून आम्हाला खपवायचं हे त्याचं काम. जीभ अशी गोड की समोरच्याला नको असलेली वस्तूसुद्धा तो गळ्यात मारून यायचा. थोरल्याची बायको मात्र त्याला ओळखून होती. "भावोजी गोड बोलायला लागले की मी आधी कपाटाला कुलूप लावते," असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि तो हसत हसत तिच्याच हातचं जेवून जायचा. आईवडील लवकर गेल्यामुळे थोरल्याने आणि वहिनीनेच त्याला वाढवलं होतं.

त्या वर्षी पांढरा आमच्या थोडासा पुढे होता. साहेबांनी सगळ्या फिरत्या माणसांना बोलावून दम भरला, की वर्ष संपायच्या आत मिळेल त्या दुकानात माल उतरवा, नाहीतर घरी बसा. धाकट्याने सगळी दुकानं पालथी घातली. सगळ्यांनी हात वर केले. मग संध्याकाळी तो गाडी घेऊन दादाच्या दुकानासमोर आला. गाडीत मी होतो आणि माझी भावंडं होती, खच्चून भरलेली.

"दादा, एवढे उतरवून घे," तो म्हणाला.

"ठेवू कुठे? डोक्यावर?"

"सुट्ट्या लागल्या की हातोहात जातील. आणि नाही घेतलेस तर माझी नोकरी जाते."

थोरला गाडीकडे बघत राहिला, मग भावाकडे.  बाह्या सरसावल्या आणि पहिलं खोकं स्वतः उचललं.

दुकान भरलं, माळा भरला, तरी आम्ही उरलोच. मग वहिनीने डोकं चालवलं. वरच्या खोलीतला डुगडुगणारा पलंग तिने सोडून बाजूला ठेवला, आमची खोकी नीट रचली, वर फळ्या टाकल्या, त्यावर गादी. झाला पलंग! उरलेल्या खोक्यांचं तिने लेकीसाठी अभ्यासाचं टेबल केलं. त्या टेबलाच्या पुढच्या कोपऱ्यात मी होतो, खिडकी बाहेरच्या बाजूला. वर्ष संपलं आणि रेडिओवर बातमी आली की सगळ्यात जास्त विकला गेलेला गेम म्हणजे काळा. आम्ही जिंकलो होतो! त्या वेळी जिंकलेल्यांपैकी बरेचसे थोरल्याच्या पाठीखाली होते आणि तो आमच्यावर आडवा होऊन वर्तमानपत्र वाचत होता.

त्यांच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरायचीच नाही. पण माझ्यासमोर ती ठरायची. अभ्यास सोडून खाली वाकायची आणि खिडकीतून माझ्याकडे टक लावून बघायची. "बाबा, एकच उघडू या ना," तिने किती वेळा गळ घातली असेल. पण दुकानदाराच्या घरात एक रीत असते, मित्रांनो. दुकानातला माल घरात वापरायचा नाही. पंखे विकणारा हा माणूस उकाड्यात पुठ्ठ्याने वारा घ्यायचा. "माल आहे तो, हात लावायचा नाही," एवढंच तो म्हणायचा. त्यामुळे काळ्या गेमांवर झोपणारी आणि काळ्या गेमांवर गणितं सोडवणारी ती पोरगी खेळायला जायची मैत्रिणीकडे, आणि तेही पांढऱ्यावर! मी ते मूग गिळून ऐकून घ्यायचो.

सुट्ट्या लागल्या, पण हातोहात काही आम्ही गेलो नाही. पांढऱ्या कंपनीने नवा गेम काढला. त्यात चित्रं कशी लख्ख, माणसं कशी पळायची. पोरं त्यावर अशी तुटून पडली की काळ्याला कुणी कुत्रं विचारेना. आमच्या कंपनीने कसंबसं काही दिवस रेटलं आणि मग कारखान्याला टाळं लागलं. ज्या बायकांनी मला बनवलं, त्या कुठे गेल्या असतील कोण जाणे. मला अजूनही त्यांची आठवण येते.

धाकट्याची नोकरी गेली ती गेलीच. पुढे तो दादाच्या घरी फिरकेना. समोर यायला त्याचं तोंड होत नव्हतं, हे वहिनीला कळत होतं. ती म्हणायची, येईल हो, लाज वाटतेय त्याला. आणि एका सकाळी थोरल्याने दुकान उघडलं तर समोरच्या दुकानाच्या काचेत कुणीतरी पांढरे गेम मांडत होतं. पाठमोराच होता, पण भावाची पाठ कुणाला ओळखू येत नाही? पांढऱ्या कंपनीने त्याला नोकरी दिली होती. आणि त्याने पहिला माल उतरवला होता तो दादाच्या दारासमोर, दुसऱ्याच्या दुकानात.

थोरला वर आला आणि आमच्यावर बसला.  वहिनीने विचारलं, काय झालं.

"त्याला पोट आहे, मला कळतं," तो म्हणाला. "पण मला एक शब्द सांगून जायला काय झालं होतं?"

धाकटा तो शब्द सांगायला आला नाही, आणि थोरला विचारायला गेला नाही. मधला रस्ता असा किती रुंद होता? एक हातगाडी गेली की दुसरीला थांबावं लागायचं. पण दोघांनाही तो ओलांडता येईना. थोरल्याने पांढरा गेम आपल्या दुकानात कधी आणू दिला नाही. गिऱ्हाईक विचारायला आलं की तो समोर बोट दाखवायचा, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

मग त्याने आम्हाला मिळेल त्या किमतीला काढायला सुरुवात केली. जसजसे आम्ही जाऊ लागलो तसतसा पलंग आखूड होत गेला. आधी थोरल्याचे पाय बाहेर आले, मग गुडघे. शेवटी वहिनीने जुना डुगडुगणारा पलंग पुन्हा मांडला. टेबलही मोडलं. माझी भावंडं एकेक करून निरोप घेऊन गेली, आणि मी एकटा उरलो. मला घ्यायला आलेल्या माणसाला थोरला म्हणाला, "हा नाही विकायचा." वहिनीने भुवया उंचावल्या, तेव्हा त्याने सांगितलं, "कधीतरी येईल ना तो? तेव्हा हा समोर ठेवीन. बघ म्हणेन, काय टाकून गेला होतास."

तेव्हापासून मी कपाटावर बसलो. इतर गेम पडून राहतात ते कुणी विचारत नाही म्हणून. मी पडून राहिलो तो राग म्हणून. माझ्या प्लास्टिकवरून दर आठवड्याला फडका फिरायचा, मोठ्या काळजीने, आणि दर वेळी मला वाटायचं, अरे बाबा, पुसण्यापेक्षा फाड की. पण रागाला कुणी फाडत नाही. त्याला जपून ठेवतात.

वर्षं गेली. पांढऱ्याचेही दिवस फिरले; आणखी नव्या कंपन्या आल्या आणि त्याला कपाटावर बसवून गेल्या. खरं सांगतो, मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. भिंगरी मोठी झाली, शिकली, दातांची डॉक्टर झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. वहिनी आजारी पडली आणि बरी झाली नाही. ती गेली त्या दिवशी घरात खूप माणसं आली होती. त्यांत धाकटा आला होता की नाही, मला दिसलं नाही. माझ्या खिडकीसमोर कुणीतरी चादर टांगली होती.

त्यानंतर थोरल्याचं दुकानात लक्ष लागेना. डोळेही साथ देईनात. शेवटी भिंगरीने त्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि दुकान बंद करायची वेळ आली. सामान आवरताना तिने मला खाली काढलं. तिला कुठूनसं कळलं होतं की जुने गेम जमवणारी माणसं असतात, आणि न उघडलेल्या गेमसाठी ती जीव टाकतात. तिने अशा एका शौकिनाला बोलावलं. तो हातमोजे घालून आला! मला लहान बाळासारखं उचललं, प्लास्टिकच्या शिवणीवर भिंग धरलं, आणि त्याचा श्वासच अडकला. म्हणाला, असा एकही उरलेला नाही. मी याला काचेच्या पेटीत ठेवीन, कुणाला हात लावू देणार नाही. फक्त उघडू नका, उघडला की त्याची किंमत संपली.

थोरल्याला गंमत वाटली. इतक्या वर्षांनी गिऱ्हाईक आलं, आणि तेही न वापरण्यासाठी नेणारं! तो द्यायला तयार झाला. मला मात्र ते नको होतं. कपाटावरून काचेच्या पेटीत म्हणजे काय, फक्त जागा बदलायची.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. भिंगरीने बापाला न विचारता काकाला निरोप धाडला होता. दुकान बंद होतंय, यायचं असेल तर आज या, एवढाच. धाकटा दारात उभा राहिला. डोक्यावर केस उरले नव्हते, आणि ती गोड जीभ कुठे गेली होती कोण जाणे. उंबऱ्याच्या आत यायचं की नाही, हेच त्याला ठरवता येत नव्हतं.

थोरल्याने शौकिनाच्या हातातून मला घेतलं आणि भावासमोर ठेवलं. याच दिवसासाठी त्याने मला इतकी वर्षं पुसलं होतं. काय बोलायचं ते त्याला पाठ असणार. पण त्याने मला नुसतं आणखी थोडं पुढे सरकवलं.

धाकट्यानेच खाली वाकून मला बघितलं. "हा मी विकलेला," तो हळूच म्हणाला.

"विकलेला नाही. माझ्या घरात उतरवून गेलेला."

"हो," धाकटा म्हणाला. "उतरवून गेलेला." मग थोडं थांबून म्हणाला, "तुला सांगू दादा? एवढे खपवले, पण यावर मी एकदाही खेळलो नाही. वेळच कुठे होता."

"मीही नाही," थोरला म्हणाला.

भिंगरी सामान बांधायचं सोडून मध्येच म्हणाली की मी तर त्याच्यावर झोपले, अभ्यास केला, पण हात लावू दिलात का तुम्ही? आणि ती हसायला लागली, पण तिचे डोळे भरले होते. थोरला लेकीकडे बघत राहिला. मग खिशातून खोकी कापायचं पातं काढलं.

शौकिनाच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, काय करताय! माल आहे तो!"

"दुकान बंद झालंय," थोरला म्हणाला, आणि पातं चालवलं.

मित्रांनो, ते प्लास्टिक फाटतानाचा आवाज मी तुम्हाला कसा सांगू! माझ्या अंगाला पहिल्यांदा वारा लागला. खोक्यात कॅसेट होती आणि जॉयस्टिक होत्या दोन. पांढरी कंपनी एकच द्यायची, म्हणून तिला खिजवायला आमच्या कंपनीने दोन दिल्या होत्या. त्या सगळ्या चढाओढीतलं तेवढं एकच काम चांगलं झालं, असं मला आता वाटतं.

पण मी चालू होईना. टीव्ही नवा, माझी वायर जुनी. शौकीन बिचारा डोकं धरून बसला होता, पण त्याला राहवेना. उठला, आपल्या पिशवीतून एक छोटी डबी काढली, वायर तिच्यातून फिरवून टीव्हीला जोडली. तरी नुसत्या रेघा. धाकट्याने कॅसेट काढून तिच्यात फूऽ करून फुंकलं, तसा शौकीन कळवळला आणि स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसून पुन्हा बसवली. मला स्वतःलाही धाकधूक होती. इतकी वर्षं बसून राहिल्यावर कुणाचीही हाडं आखडतात. आणि मग माझ्या आत काहीतरी उबदार झालं, आणि टीव्हीवर चित्र आलं!

साधाच खेळ होता. नदीवर एक पूल, पुलावर दोन माणसं, आणि एकाने दुसऱ्याला पाण्यात ढकलायचं. दोघे भाऊ त्या डुगडुगणाऱ्या पलंगावर शेजारी शेजारी बसले. दोघांनाही काही जमत नव्हतं. थोरल्याचा माणूस आपणहूनच पाण्यात पडायचा, आणि धाकट्याचा उलट्या दिशेने पळायचा. भिंगरी मागून ओरडून सांगत होती, लाल बटण, काका, लाल बटण!

दोघांचेही डोळे टीव्हीवर होते. एकमेकांकडे बघायची गरजच नव्हती. आणि तसंच, पुढे बघत बघत, थोरला म्हणाला, "समोर माल लावायच्या आधी एकदा वर आला असतास तरी चाललं असतं."

"आलो होतो," धाकटा म्हणाला. त्याची बोटं चालूच होती. "दारापर्यंत आलो होतो. वहिनीचा आवाज आला आणि हातच उचलेना. तसाच खाली गेलो."

पुलावर दोघांची ढकलाढकली चालली होती.

"ती गेली तेव्हा तू जिन्याखाली उभा होतास," थोरला म्हणाला.

धाकट्याचा माणूस पुलावर जागच्या जागी थांबला. "तू बघितलंस?"

"बघितलं. वर ये म्हणायला हवं होतं मी."

 धाकट्याला टीव्ही दिसत नसावा, कारण त्याची बोटं भलतीच बटणं दाबत होती. थोरल्याला तेवढी संधी पुरली. त्याने पुढे होऊन भावाला पुलावरून धडाम् पाण्यात ढकललं, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हरलास," तो म्हणाला. "ऊठ. पुन्हा लाव."

आता मी भिंगरीच्या घरी असतो. शौकीनही अधूनमधून येतो, आणि माझी किंमत गेल्याचं दुःख करत तासभर खेळून जातो. धाकटा रविवारी येतो. दोघा भावांची कोण रडी खेळलं यावरून इतकी भांडणं होतात की भिंगरीला मला बंद करावं लागतं. माझं लाल बटण झिजलंय, एका कोपऱ्याचा रंग उडालाय, आणि सरबत सांडल्यामुळे एक जॉयस्टिक चिकट झाली आहे. तेव्हा तुमच्याकडे माझं एक मागणं आहे, मित्रांनो. वस्तू जपा, जरूर जपा, सरबत जरा लांब ठेवा. पण तुमच्या कपाटावर रागाने ठेवलेलं एखादं खोकं असेल, तर त्यावरून फडका फिरवत बसू नका. ज्याच्यावर राग आहे त्याला वर बोलवा, ते उघडा, आणि दुसरी जॉयस्टिक त्याच्या हातात द्या. बोलायचं काय याची काळजी करू नका. तुम्ही दोघेही टीव्हीकडेच बघत असाल.